कुंडी निवडताना: प्लास्टिक, कापडी पिशवी की एअर प्रूनिंग?

मी पुण्यात लोकांच्या गच्च्यांवर बागा लावून देते. काम ठरवायला गेले की घरातली मंडळी आधी झाडांची यादी पुढे करतात. लिंबू हवं, कढीपत्ता हवा, मोगरा तर हवाच, आणि जमलंच तर थोडी भाजी. कुंडीचा विषय शेवटी निघतो, तोही रंगावरून किंवा किमतीवरून. मी मात्र झाडांची यादी ऐकतानाच दोन प्रश्न विचारते. हे झाड या कुंडीत किती वर्षं राहणार आहे? आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार? कुंडी कशाची घ्यायची हे या दोन उत्तरांवरच ठरतं, आणि उत्तरं प्रामाणिक असली तर ठरवायला फार वेळ लागत नाही.

पहिल्या प्रश्नामागे मुळांचा स्वभाव आहे. मूळ वाढता वाढता प्लास्टिकच्या गुळगुळीत भिंतीला लागलं की थांबत नाही. ते वळतं आणि भिंतीच्या कडेकडेने फिरत राहतं, कारण पाणी आणि हवा दोन्ही तिथे मिळतात. काही महिन्यांत बाहेरच्या बाजूला मुळांचं वेटोळं तयार होतं आणि मधल्या मातीत मुळं फारशी राहत नाहीत. टोमॅटोच्या बाबतीत याची फिकीर करायचं कारण नाही, चार-पाच महिन्यांत त्याचं आयुष्यच संपतं. लिंबू, पेरू, अंजीर, आंब्याचं कलम यांचं तसं नसतं. ही मुळं दरवर्षी जाड होतात, वेटोळं आवळत जातं, आणि एखादं मूळ खोडाच्या बुंध्याला फास घालतं. खत दिलं, कीड नाही, तरी झाड पुढे सरकत नाही, फळं गळतात. वरून कारण दिसत नाही. कुंडी उपडी केली की सगळं समोर येतं.

मातीची कुंडी सच्छिद्र असते म्हणून तिच्यात असं होत नाही, असं बरेच जण समजतात. तिची भिंत श्वास घेते आणि मुळं गार राहतात, हे खरं. वेटोळं मात्र तिच्यातही होतं. मूळ त्या भिंतीतून बाहेर हवेत जाऊ शकत नाही, त्यामुळे तेही वळून कडेनेच फिरतं.

एअर प्रूनिंग म्हणजे हवेने होणारी मुळांची छाटणी. कुंडीच्या भिंतीला भोकं असली की मूळ भोकापर्यंत येतं, त्याचं कोवळं टोक कोरड्या हवेत उघडं पडतं आणि सुकतं. टोक सुकलं की त्या मुळाची पुढची वाढ थांबते आणि मागच्या भागातून नव्या उपमुळ्या फुटतात. त्याही भोकापर्यंत येतात, त्यांचीही टोकं सुकतात, पुन्हा फांद्या फुटतात. मोगऱ्याची शेंडे छाटणी करून आपण तो भरगच्च करतो, तेच इथे जमिनीखाली आपोआप चालू राहतं. कुंडीतली सगळी माती बारीक तंतुमुळांनी भरते, आणि पाणी-अन्न शोषायचं काम याच मुळ्या करतात. अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीतले कार्ल व्हिटकॉम्ब यांनी दुधाच्या बिनबुडाच्या खोक्यांत, जाळीवर उचलून ठेवून रोपं वाढवली आणि या पद्धतीवर पुष्कळ काम केलं. आपल्याकडे वनखात्याच्या रोपवाटिकांत रूट ट्रेनर दिसतात, ते याच तत्त्वावरचे. आतून उभ्या कंगोऱ्यांचे, तळाशी उघडे, आणि जमिनीपासून वर स्टँडवर ठेवलेले. कंगोरे मुळाला गोल फिरू देत नाहीत, खाली उतरवतात, आणि तळाशी हवा त्याला थांबवते.

आधी बाजारातली एक गफलत

दुकानात जाऊन "ग्रो बॅग द्या" म्हटलं की हिरवी, चकचकीत, विणलेली पिशवी हातात पडते. ती एचडीपीई, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकची. घरी आल्यावर लोक समजतात की आपण कापडी पिशवी घेतली, आता मुळं छान छाटली जातील. ही पिशवी प्लास्टिकच्या पट्ट्या विणून करतात आणि तिला बहुधा आतून पातळ प्लास्टिकचा थर दिलेला असतो. त्या भिंतीतून हवा जात नाही, मूळही जात नाही. मुळांच्या दृष्टीने ती प्लास्टिकची कुंडीच आहे, फक्त मऊ. भाजीसाठी ती उत्तम, स्वस्त आणि टिकाऊ आहे, मी स्वतः भरपूर वापरते. पण पाच वर्षांच्या लिंबासाठी "कापडी" म्हणून ती घेऊ नका.

खरी कापडी पिशवी न विणलेल्या जाड कापडाची असते. हात लावला की नमद्यागत खरखरीत लागते. दुकानात जिओ फॅब्रिक किंवा फॅब्रिक पॉट म्हणून मागा. ओळखायला सोपं आहे. पिशवीची एक बाजू तोंडाला लावून फुंकर मारा, पलीकडे हात धरला की वारा लागला पाहिजे. नाहीतर घरी आणल्यावर रिकाम्या पिशवीत तांब्याभर पाणी ओता. कापडी पिशवी लगेच पाझरू लागते, एचडीपीई फक्त भोकांतून गळते. वर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. मोठ्या झाडासाठी २५० ते ३०० च्या खालची पिशवी मी घेत नाही, ती ओल्या मातीने फुगते आणि एका बाजूला कलते. शिलाईही ओढून पाहा. ऊन सोसणारा धागा नसेल तर कापड शाबूत असताना शिवण उसवते, आणि उसवते ती नेमकी हँडलपाशी. भरलेली मोठी पिशवी हँडल धरून कधीच उचलू नका. ती हँडलं रिकामी किंवा अर्धी भरलेली पिशवी सरकवण्यापुरती आहेत.

मापं इंचांत सांगतात, आधी व्यास आणि मग उंची. पण झाडाला लागते ती लिटरमधली माती, म्हणून हिशेब जवळ ठेवलेला बरा. ९ बाय ९ मध्ये साधारण ९ लिटर बसतात, १२ बाय १२ मध्ये २२, १५ बाय १५ मध्ये ४३ आणि १८ बाय १८ मध्ये ७५. २४ बाय १२ ची बुटकी रुंद पिशवी जवळजवळ ८९ लिटरची. तीन इंचांच्या फरकाने माती दुप्पट होते हे बघून लोक चकित होतात, आणि मग माती-खताचं बजेट नव्याने मांडावं लागतं.

कापडी पिशवी: झाडाला सुख, माणसाला काम

कापडात मुळाचं टोक तंतूंमध्ये घुसतं, तिथेच अडकतं, थोडं फुगतं आणि हवेने थांबतं. त्यामागे फांद्या फुटतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला एप्रिलमध्ये पश्चिमेचं ऊन लागलं की त्या बाजूची माती हात ठेववणार नाही इतकी तापते, आणि साधारण ४० अंशांच्या पुढे बहुतेक झाडांची मुळं काम थांबवतात. कापडाच्या भिंतीतून पाणी सतत उडत असतं, त्यामुळे आतली माती गार राहते. जास्तीचं पाणीही सगळ्या बाजूंनी निघून जातं. आपल्या पावसात हे मोठंच वरदान आहे. जुलैमध्ये आठ दिवस झड लागली तरी कापडी पिशवीतलं लिंबू बुडत नाही.

त्याची किंमत पाण्यात द्यावी लागते. मे महिन्यात पुण्यात दुपारची हवा कोरडी असते. १२ बाय १२ च्या कापडी पिशवीत वाढलेला टोमॅटो सकाळ-संध्याकाळ पाणी मागतो. एक वेळ चुकली की पानं लोंबतात, दोन वेळा चुकली की फुलं गळतात. म्हणून माझा दुसरा प्रश्न. घरातले दोघेही नोकरीला जात असतील, मे महिन्यात गावाला जायची पद्धत असेल आणि गच्चीवर नळ नसेल, तर कापडी पिशव्या घेण्याआधी ठिबक आणि टायमर घ्या. दोन लिटर प्रतितासाचे दोन ड्रिपर एका मोठ्या पिशवीला पुरतात, पण ते समोरासमोर लावा. एकाच बाजूला लावले तर दुसरी बाजू कोरडी पडते आणि तिकडची मुळं मरतात.

पाणी घालायची पद्धतही वेगळी आहे. मिश्रणातलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा पूर्ण सुकलं की पाणी झटकून टाकतं. वरून बादली ओतली तरी पाणी कडेने पाझरून जातं आणि मधली माती कोरडी ती कोरडीच. वरवर बघणाऱ्याला वाटतं, पाणी तर घातलं. अशी वेळ आली तर थोडं पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, पुन्हा घाला. लहान पिशवी असेल तर घमेल्यात पाणी भरून अर्धा तास त्यात ठेवा. मातीवर दोन-तीन इंच वाळक्या पानांचं आच्छादन नेहमी ठेवा. पुण्यात पानगळीच्या दिवसांत रस्त्याकडेला पोती भरून पाला मिळतो, तो जाळू न देता गच्चीवर आणा.

बोअरच्या पाण्यावर बाग असेल तर कापडाच्या बाहेरून पांढरी खरबरीत पुटं दिसू लागतात. ते क्षार आहेत. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ओल्या फडक्याने पुसून काढा, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पिशवीला भरपूर पाणी देऊन आतले क्षार धुऊन जाऊ द्या. शक्य असेल तर पावसाचं पाणी साठवा. हिरवं शेवाळ धरलं तर घाबरू नका, झाडाला त्याचा त्रास नाही.

एक गोष्ट मी हट्टाने करायला लावते. कापडी पिशवी थेट स्लॅबवर किंवा मातीवर ठेवायची नाही. खाली हवा खेळली नाही तर तळाला छाटणी होत नाही. मातीवर ठेवली तर मुळं तळातून आरपार जमिनीत जातात. स्लॅबवर ठेवली तर खालची जागा कायम ओली राहते आणि चायना मोझॅकच्या सांध्यांतून पाणी मुरायला लागतं. विटा मांडून किंवा लोखंडी स्टँड करून चार इंच तरी वर घ्या. विटा पिशवीच्या तळाला पूर्ण झाकणार नाहीत अशा मांडा. खालून झाडू फिरला पाहिजे. पिंपळाचं रोप कुठल्या कोपऱ्यात रुजतंय हेही मग वेळेवर दिसतं.

एअर प्रूनिंग कुंडी

हिच्यावर हल्ली बरंच विचारलं जातं. शंकूच्या आकाराच्या उंचवट्यांची प्लास्टिकची पट्टी गोल वळवून स्क्रूने जोडायची आणि खाली जाळीचा तळ बसवायचा. बाहेर आलेल्या शंकूंच्या टोकाला भोक असतं. आत मुळाला सरळ सपाट भिंत कुठे मिळतच नाही. ते कोणत्या तरी शंकूत शिरतं आणि भोकाशी येऊन थांबतं. मुळांची छाटणी कापडापेक्षा इथे स्वच्छ होते. आणि दुसरा मोठा फायदा म्हणजे स्क्रू काढले की कुंडी उलगडते. मुळांना न दुखावता झाड बाहेर येतं. दरवर्षी किंवा वर्षाआड मोठ्या कुंडीत जाणाऱ्या फळझाडाला ही सोय अनमोल आहे. कापडी पिशवीतून मोठं झाड काढायचं तर मुळ्या कापडात गुंतलेल्या असतात, पिशवी कापावीच लागते.

जोडताना तळ अगदी खाली बसवू नका. भिंतीच्या खालच्या कडेपासून एक-दोन ओळी वर घ्या, म्हणजे तळाखाली हवा राहते. भरताना मिश्रण आधी ओलं करून घ्या. कोरडं भरलं तर भोकांतून गळतं, आणि पहिल्या पाण्यालाच धारा लागतात. थोडं थोडं भरत हाताने शंकूंमध्ये दाबत जा. रिकामा राहिलेला शंकू वाया गेला, मूळ तिथपर्यंत येणारच नाही. वरच्या दोन ओळी मोकळ्या सोडा आणि मातीला मध्ये किंचित खोलगट आकार द्या, म्हणजे पाणी कडेला न पळता मधोमध मुरतं. सुरुवातीचे काही आठवडे झारीने हळू पाणी द्या. मुळं भरली की मिश्रण बांधलं जातं आणि गळती थांबते.

दोष दोन. किंमत जास्त, आणि पाण्याची तहान कापडी पिशवीएवढीच, वाऱ्याच्या गच्चीवर त्याहूनही अधिक. शिवाय छाटणी हवेच्या कोरडेपणावर चालते. पावसाळ्यात हवा दमट झाली की टोकं सुकत नाहीत, पांढऱ्या मुळ्या भोकांतून अर्धा-एक इंच बाहेर डोकावतात. कोकणात आणि मुंबईत हे जास्त दिसतं. काही करू नका. पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन पडलं की त्या आपोआप सुकतात.

विकत न घेता ही कुंडी घरी करता येते, आणि मी बऱ्याच ठिकाणी तशीच करते. मंडईत भाजी-फळांचे जाळीदार प्लास्टिकचे क्रेट असतात. जुना, न तडकलेला क्रेट घ्या. आतून शेडनेटचा तुकडा सगळ्या बाजूंनी बसवा, दुहेरी असेल तर उत्तम, आणि वरच्या कडेला सुतळीने बांधा. शेडनेट माती धरून ठेवते, हवा येऊ देते. मुळं त्यातून डोकावतात आणि तिथेच थांबतात. खाली चार विटा. झाली कुंडी. पालेभाज्या, मिरची, वांगी, हळद, आलं या सगळ्यांना हा क्रेट मानवतो. कपडे धुण्याच्या गोल जाळीदार टोपलीचंही असंच करता येतं, पण बाजारातल्या पातळ टोपल्या उन्हाने वर्षभरात चुरा होतात, म्हणून मी क्रेटच घेते. तो शेतमाल वाहण्यासाठी केलेला असतो, ऊन सोसतो.

प्लास्टिकला कमी लेखू नका

प्लास्टिकची कुंडी म्हणजे वाईट, असं हल्ली सरसकट सांगतात, ते मला पटत नाही. ओल धरून ठेवणं हा तिचा गुण आहे. अळू, पुदिना, ब्राह्मी, गवती चहा, केळ या पाण्याच्या भक्तांना प्लास्टिकच बरं. घरातल्या सावलीतल्या झाडांना तर नक्कीच. तिथे पाणी हळू उडतं आणि कापडी पिशवीने फरशी खराब होते. मुंबईत ग्रिलमध्ये बाग करणाऱ्यांना मी कापडी पिशवी सुचवतच नाही. ती चहूबाजूंनी पाझरते, पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं आणि सोसायटीत भांडण लागतं. तिथे ताटलीसकट प्लास्टिक, आणि ताटलीतलं पाणी रोज ओतून टाकायचं. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

प्लास्टिकमध्ये सुधारणा सोप्या आहेत. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या भाजीला फार चांगल्या. आत रंग चिकटलेला असेल तर पूर्ण खरवडून धुऊन घ्या, ऑइल पेंटची बादली मात्र घेऊच नका. तळाला एकच भोक पुरत नाही. सोल्डरिंग गनने किंवा तापवलेल्या सळईने तळाला सात-आठ भोकं पाडा, आणि तळापासून इंच-दीड इंचावर भिंतीलाही एक रांग पाडा. तळ जमिनीला टेकून बुजला तरी बाजूची भोकं पाणी काढतात. हे काम उघड्यावर करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

तळाला विटांचे तुकडे किंवा दगडांचा थर घालायची सवय आपल्याकडे घट्ट आहे. तो घालू नका. पाणी बारीक मातीतून मोठ्या दगडांच्या पोकळीत सहज उतरत नाही, मातीच्या शेवटच्या इंचांत अडकून राहतं. दगड घातले की तो ओला थर वर सरकतो आणि मुळांना कोरडी जागा उलट कमी मिळते. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. निचरा सुधारायचा असेल तर मातीच मोकळी करा.

उन्हासाठी काळ्याऐवजी पांढरी किंवा फिकी कुंडी घ्या. काळीच असेल तर बाहेरून चुन्याचा हात मारा, नाहीतर मार्च संपता संपता गोणपाट गुंडाळा. दक्षिण आणि पश्चिमेच्या कडेला रिकाम्या किंवा बुटक्या कुंड्यांची आडोशाची रांग लावली तरी मागच्या कुंड्या वाचतात. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे कापडी पिशवीचं पाणी पुरवणं फार अवघड होतं. तिकडच्या माझ्या ओळखीच्या लोकांना मी सांगते की भाजी प्लास्टिकमध्ये ठेवा, फळझाडं मोठ्या कापडी पिशवीत ठेवा, आणि दोन्हींवर उन्हाळाभर ५० टक्क्यांची शेडनेट ताणा.

आता झाडानुसार

मेथी, पालक, कोथिंबीर, माठ यांना खोली कमी लागते, आठ इंच पुरे. क्रेट किंवा रुंद एचडीपीई पिशवी, यापेक्षा जास्त पैसे खर्च करू नका. मिरचीला १० ते १२ लिटर, टोमॅटो-वांग्याला १५ ते २० लिटर, दोडका-काकडीला २५ च्या पुढे. हे सगळं एका हंगामाचं, इथे कुंडीपेक्षा माती महत्त्वाची. हळद-आल्याला रुंदी हवी आणि पावसाळाभर पाणी तुंबायला नको, म्हणून कापडी पिशवी किंवा क्रेट. गड्डे काढताना कापडी पिशवी सरळ उपडी करता येते, हेही सोयीचं.

मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता वर्षानुवर्षं राहतात. पाण्याची सोय असेल तर १५ बाय १५ ची कापडी पिशवी. नसेल तर तेवढ्याच मापाची प्लास्टिकची कुंडी चालेल, पण दर दोन वर्षांनी काढून मुळं छाटायची तयारी हवी. कोरफड, अडेनियम, ड्रॅगन फ्रूट यांना मुळाशी ओल सोसत नाही, त्यांना कापडी पिशवीच. यांच्याकडे दोन दिवस दुर्लक्ष झालं तरी बिघडत नाही.

लिंबू, पेरू, अंजीर, डाळिंब, चिकू आणि आंब्याचं कलम यांच्यासाठी मात्र मी काटकसर करू देत नाही. एअर प्रूनिंग कुंडी किंवा जाड कापडी पिशवी, सुरुवात ४० लिटरपासून, पुढे ७५ ते ९०. एवढ्याशा कलमाला पहिल्याच दिवशी ९० लिटरची पिशवी देऊ नका. मुळं नसलेल्या मातीत पाणी पडून राहतं आणि ती आंबते.

नर्सरीतून कलम आणताना काळ्या पिशवीचा तळ दाबून पाहा. खाली जाड मूळ गोल फिरलेलं हाताला लागलं तर ते रोप तिथेच ठेवा. उंच, पानांनी भरलेलं पण छोट्या पिशवीत दोन वर्षं अडकलेलं रोप दिसायला देखणं असतं. त्याच्याशेजारचं लहान, ताजं रोप घ्या. सोटमुळाचं वेटोळं घेऊन आलेल्या झाडाला पुढे कितीही चांगली कुंडी दिली तरी आतला पीळ सुटत नाही.

माती आणि वजन

तिन्ही प्रकारांत माती मोकळीच हवी, कापडी आणि एअर प्रूनिंगमध्ये तर अधिकच. शेतातली काळी माती नको. ती ओली असताना कापडाची भोकं लिंपून टाकते आणि सुकली की आकसून भेगा पडतात. मी लाल माती, भिजवलेलं कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत समान घेते. त्यात मुळशी-मावळ-भोरकडच्या भातगिरणीतलं तूस आठ-दहा लिटरला एक लिटर या अंदाजाने, आणि मूठभर निंबोळी पेंड. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजली की साधारण ७० लिटरपर्यंत फुगते. ती दोन पाण्यांतून पिळून घ्या, क्षार निघून जातात.

वजनाकडे डोळेझाक नको. वरच्या मिश्रणाचं एक लिटर ओलं असताना साधारण एक किलो धरा. म्हणजे २४ बाय १२ ची पिशवी ९० किलोच्या आसपास, आणि नुसती माती भरली तर दीडशेच्या घरात. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो भार धरतात. ही एक पिशवी आपल्या बुडाखालच्या जागेवर त्याच्या दुप्पट दाब देते. एखाद्-दुसरी सुटी पिशवी असेल तर तो भार आजूबाजूच्या स्लॅबवर वाटला जातो, पण मधोमध अशा पिशव्यांची दाटी करू नका. मोठी झाडं खालच्या भिंती आणि बीम जिथून जातात त्या रेषेवर, कडेने ठेवा. इमारत जुनी असेल किंवा गच्ची आधीच गळत असेल तर कुंड्या आणायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. हा खर्च टाळू नये.

जुन्या प्लास्टिकमधलं झाड नव्या घरात हलवताना

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की हे काम करायचं. उन्हाळ्यात नाही, झाड फुलाफळावर असताना नाही. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. कुंडी आडवी करून कडेला थापट्या मारा आणि झाड खोड धरून न ओढता मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. वेटोळं दिसलं तर ते तसंच नव्या पिशवीत ठेवू नका. कापडी पिशवी नव्या मुळ्यांना वळण लावते, जुनं वेटोळं सोडवत नाही. धारदार सुरीने गोळ्याच्या बाहेरून चार ठिकाणी वरपासून खालपर्यंत इंचभर खोल चिरा द्या. तळाला साचलेली मुळांची चकती पूर्ण कापून टाका. खोडाला वळसा घालणारं जाड मूळ दिसलं तर कात्रीने तोडा, ते ठेवून फायदा नाही.

मुळं कमी केली तेवढा वरचा भारही कमी करा, साधारण एक चतुर्थांश फांद्या छाटा. झाड पहिल्याइतक्याच खोलीवर लावा, कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. आठ-दहा दिवस अर्धसावलीत ठेवा आणि काठीचा आधार द्या, मोकळ्या मिश्रणात वाऱ्याने झाड हलतं आणि नव्या मुळ्या तुटतात. खताची घाई नको. नवी पालवी फुटून पानं पक्व होईपर्यंत मिश्रणातलं शेणखत पुरेसं आहे, त्यानंतर महिन्याला एकदा दोन मुठी गांडूळखत वरून पसरा. रिकामी झालेली प्लास्टिकची कुंडी धुऊन उन्हात ठेवा. श्रावणात त्यात कोथिंबीर पेरता येते.